गुरुजी, मिशी कधी काढताय? परीक्षेसाठी घेतलेल्या सोंगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. शिष्यवृत्तीच्या वर्गासाठी मी केलेल्या उचापती आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बऱ्याच जणांना माहीत झाल्या आहेत, त्यातली एक फसली तेही माहीत आहे. शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, एसटीत, जत्रेत तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सोंग म्हणजे नेमकं काय? आणि कुठल्या परीक्षेसाठी?

मुलांनी अभ्यास करावा म्हणून शिक्षकाने स्वतःचं हसं करून घ्यायचं, किंवा तसं कबूल करायचं, म्हणजे सोंग. ‘तुम्ही एवढं करा, मी तुमच्यासारखी हाफपँट घालून येतो’ या जातीचं.

परीक्षा म्हणजे मुख्यतः शिष्यवृत्ती. ही १९५४-५५ पासून चालू आहे. २०१६-१७ च्या आधी चौथी-सातवीला असायची, मग पाचवी-आठवीला गेली आणि आता शासनाने तिला पुन्हा चौथी-सातवीकडे वळवलं आहे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. त्याशिवाय नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे, आठवीची एनएमएमएस ही गरीब घरच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. या सगळ्यात प्रश्नाला चार पर्याय, त्यातला बरोबर गोल काळा करायचा आणि शेजारच्याशी बोलायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाला यात गंमत वाटावी असं काहीही नाही, सोंगाची गरज तिथून सुरू होते.

दहावीबद्दल मी बोलत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं आपलं कोकण मंडळ २०१२ पासून राज्यात पहिलं येतंय, २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. त्यासाठी कुणाला नाचावं लागलेलं नाही.

हे खूळ आलं कुठून?

नावारूपाला आलं ते अमेरिकेत. तिथे २००२ च्या जानेवारीत एक कायदा झाला. त्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दर वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली, आणि शाळेची प्रगती ठरल्याप्रमाणे झाली नाही तर शाळेवरच कारवाईची पायरी आली. मग चाचणीच्या आधी सभा, घोषणा, ढोलताशे सुरू झाले. मुख्याध्यापक डुकराचा मुका घेतो, केस हिरवे करतो, शाळेच्या छपरावर रात्र काढतो, मुलं त्याला चिकटपट्टीने भिंतीला चिकटवतात, असे प्रकार तिथे होत आले आहेत.

आपल्याकडे डुकराचा मुका घेणाऱ्या गुरुजींना दुसऱ्या दिवशी कोणी शाळेत घेईल असं मला वाटत नाही. पण सोंग आपल्याला नवीन नाही. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार चालतो, आणि कालपर्यंत चिऱ्याच्या खाणीवर राबणारा माणूस रंग लावून राजा होतो. आपल्या मुलांना सोंग कळतं. सोंगातला माणूस कोण आहे हे माहीत असूनही ती त्याला घाबरतात आणि हसतात.

पण मुलं त्यामुळे खरंच जास्त अभ्यास करतात का?

थोडे दिवस करतात. किती दिवस, हे पैज कशावर लावली आणि ती कधी फेडणार यावर आहे.

शिकागोच्या आसपासच्या शाळांत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २०१६ मध्ये छापून आला. चाचणीच्या तोंडावर मुलांना बक्षीस जाहीर केलं. जिथे ते चाचणी संपताच हातात पडणार होतं तिथे मुलांनी जास्त नेट लावला. ‘महिन्याने मिळेल’ म्हटलं तिथे काहीच फरक पडला नाही. आमच्याकडे परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल येईपर्यंत आंबे उतरलेले असतात. निकालानंतरच्या सोंगाचा फेब्रुवारीतल्या मुलाला काय उपयोग?

म्हणजे निकालावर पैज लावायचीच नाही?

नाही. मी लावली होती.

त्या वर्षी परीक्षेला पाच मुलं होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गात जाहीर केलं, ‘पाचही जण पात्र झालात तर मी मिशी काढीन.’ माझी मिशी बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात माझं चित्र काढलं, एक मिशीवाला आणि एक बिनमिशीचा, आणि ते कोणी पुसू दिलं नाही. वाडीत बातमी गेली. दुकानावर लोक विचारायला लागले, ‘गुरुजी, मिशी कधी काढतास?’

निकाल आला. चौघं पात्र. पाचव्या मुलीला पहिल्या पेपरात चांगले गुण होते, दुसऱ्यात १५० पैकी ५८. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात, म्हणजे ६०. एका प्रश्नाला दोन गुण. एक गोल कमी पडला.

चौघं तिला काही बोलले नाहीत. नुसते बघत होते, तेच वाईट होतं. सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, माज्यामुळा तुमची मिशी रवली.’ दहा वर्षांचं पोर माझ्या मिशीची माफी मागत होतं. गंमत म्हणून मी जे लावलं होतं त्याचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ठेवताना मला ते दिसलंही नव्हतं.

आणि घरची गोष्ट वेगळीच. माझ्या आईला पैजेची बातमी बाहेरून कळली होती. ‘बापूस जितो आसताना मिशी काढूक खुळो झालंस काय?’ हे तिचं पहिलं वाक्य. म्हणजे पाचही पात्र झाले असते तरी माझी पंचाईतच होती.

मग पैज कशावर लावायची?

मुलाच्या हातात जे आहे त्यावर. गुण त्याच्या हातात नसतात, आज किती उदाहरणं सोडवायची ते असतं.

रोलँड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या तीन शहरांत मुलांना चक्क पैसे देऊन पाहिलं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांना पैसे, शिकागोत श्रेणीला पैसे. दोन्हीकडे गुण वाढले नाहीत. डॅलसला दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचलं की दोन डॉलर, तिथे इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. गुणांसाठी पैसे कबूल केलेल्या मुलांना विचारलं, की गुण वाढवायला काय करशील? ‘प्रश्न नीट वाचीन’ असलं काहीतरी सांगत होती. रोज काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आमच्या पाचही जणांना मिशी पाहिजे होती, पण मिशीसाठी मंगळवारी संध्याकाळी काय करायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

आता आमच्या वर्गात चिंचोक्यांची बरणी आहे. उदाहरण सोडवलं, शेजाऱ्याकडून तपासून घेतलं की एक चिंचोका. चुकलेलं उदाहरण चूक शोधून पुन्हा केलं तरी एक चिंचोका. ही दुसरी अट महत्त्वाची, कारण तिच्यामुळे मागे पडणारं पोरही पुढच्याइतकेच चिंचोके टाकतं, कधी कधी जास्तच. बरणी सगळ्यांची एकच. हजार झाले की सोंग, त्याच आठवड्यात.

एखादं सोंग सविस्तर सांगा ना.

दोन सांगतो.

पहिलं संकासुराचं. दशावतारात संकासुर वेद पळवतो, आमच्या वर्गात त्याने उत्तरसूची पळवली. बायकोची काळी ओढणी डोक्यावरून घेतली, लाल कापडाची जीभ लावली, मुलांनी बाक बडवून ताल धरला. उत्तरसूची परत पाहिजे तर दहा प्रश्न, वेळ बारा मिनिटं. बारा का, तर ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एकाला ७२ सेकंद, आणि दहांना बरोबर बारा मिनिटं. ही वेळ मुलांच्या अंगात मुरायला हवी असते, घड्याळ दाखवून मुरत नाही.

यातली खरी मेख अशी की संकासुर मठ्ठ आहे. तो प्रत्येक प्रश्नाला ठासून चुकीचं उत्तर देतो, आणि तो का चुकला हे मुलांनी त्याला पटवायचं. प्रश्न होता: पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला मुलगा काटकोनात उजवीकडे वळला, आता त्याचं तोंड कुठल्या दिशेला? संकासुर म्हणाला, ‘समुद्राकडे!’ वर्गात हशा. समुद्र म्हणजे पश्चिम, एवढं आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मग कुठे, हे सांगताना चौघंजण अडकले. तेव्हा सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी उठली, माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि मला अंगणात ओढत नेलं. ‘हय उबे रवा. तोंड डोंगराक.’ मी सह्याद्रीकडे तोंड करून उभा राहिलो. तिने मला खांद्याला धरून वळवलं. ‘आता तोंड खय?’ मी म्हटलं, ‘समुद्राक.’ तिने कपाळावर हात मारला. ‘गोव्याक, गुरुजी! गोवा म्हंजे दक्षिण!’ दिशांचा प्रश्न त्या वर्गात पुन्हा कोणाचा चुकल्याचं मला आठवत नाही.

दुसरं सोंग अंगणातलं. चुन्याने मोठी ओएमआर उत्तरपत्रिका आखायची, ओळीला चार गोल. मी प्रश्न वाचणार, मूल उत्तराच्या गोलात उडी मारणार. मग माझी पाळी. मी मुद्दाम एक प्रश्न सोडून देतो, पण ओळ सोडत नाही. चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्याच्या ओळीत, आणि तिथून पुढे सगळं एकेक घर चुकत जातं. मुलं ओरडतात, ‘ओळ चुकली, ओळ चुकली!’ प्रत्यक्ष परीक्षेत मुलांचे सगळ्यात जास्त गुण जातात ते याच चुकीने असं माझं मत आहे, आणि बॉलपेनने केलेला गोल पुसता येत नाही. गुरुजी चुन्यात बरबटलेले पाहिले की ती चूक लक्षात राहते. दहा वेळा बजावून राहत नव्हती.

टक्कल, मिशी, दाढी?

आईचं वाक्य वर दिलंच आहे. तिकडे टक्कल करणं हा विनोद होतो. आपल्याकडे मुंडण म्हटलं की घरात कोण गेलं असं विचारतात. ज्यांना चालतं त्यांनी करावं, पण आधी घरी विचारावं.

पोफळीवर चढणं, भरतीत उडी मारणं, पाच मिरच्या खाणं?

नको. मुलं दुसऱ्या दिवशी तेच करतात.

हरलेल्या मुलांना सोंग करायला लावलं तर? गंमतच ना?

ती गंमत नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. कमी गुण मिळालेल्याला गाढवाचे कान लावून उभं करणं हे त्यातच येतं, भले सगळा वर्ग हसत असो आणि ते पोरही हसत असो. आम्ही लहान असताना हे सर्रास चालायचं आणि ‘त्यामुळेच आम्ही घडलो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. जे त्यामुळे शाळा सोडून मुंबईला हॉटेलात कपबशा विसळायला गेले ते हे सांगायला परिषदेत येत नाहीत.

हसू गुरुजींवर असलं पाहिजे. वर्गात अधिकार ज्याच्याकडे असतो त्यानेच खाली उतरायचं असतं, जो आधीच खाली आहे त्याला आणखी ढकलून कोणाला हुरूप येत नाही.

त्याने गुरुजींचा मान जात नाही का?

एका आजोबांनी मला हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारलं होतं. मी म्हटलं, ‘तुम्ही दशावतारात स्त्रीपार्ट करायचात, तुमचा मान गेला काय?’ ते हसले आणि पुढच्या वेळी स्वतःचा मृदंग घेऊन आले. बाक बडवणं थांबलं.

पण सोंग रोजचं झालं तर मात्र जातो. मोसमात तीन-चार पुरे.

आमचं मूल पैजेशिवाय आता पुस्तकच उघडत नाही. काय करू?

हा धोका खरा आहे, आणि तो मी सुरुवातीला हसण्यावारी नेला होता. १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ज्या लहान मुलांना मुळात चित्रं काढायला आवडत होती त्यांच्यापैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं रंगीत पेनांना कमी हात लावायला लागली, बक्षीस न मिळालेल्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ. आवडीच्या कामाची त्यांनी मजुरी करून टाकली होती.

म्हणून जे मूल आपणहून गोष्टी वाचतं त्याच्या वाचनाला चिंचोका लावू नका. चिंचोका कंटाळवाण्या सरावाला. काळ-काम-वेग कोणी हौसेने सोडवत नाही, तिथे लाच चालते. आणि परीक्षा झाली की बरणी माळ्यावर.

घाबरट मुलाला सोंगाचा त्रास होतो का?

होऊ शकतो. ‘सगळ्यांचं तुझ्यावर अवलंबून आहे’ असं ज्यात येतं ते सोंग अशा मुलासाठी विषारी, वर मिशीची गोष्ट आहेच. अशा मुलाला परीक्षेआधी दहा मिनिटं कागदावर स्वतःची भीती लिहायला द्यावी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवर हे करून पाहिलं होतं, जास्त घाबरणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं, ‘माका पेपराची भीती नाय, एसटी चुकात ह्याची आसा.’ परीक्षा केंद्र अकरा किलोमीटरवर. त्या वर्षीपासून आम्ही रिक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवतो.

देवाधर्माचं सोंग घेतलं तर कोणी दुखावणार नाही ना?

विचारून करा. काही गावांत संकासुराला नवस बोलतात, तिथे तो थट्टेला घ्यायचा नाही. आमच्या गावात मानकऱ्यांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. वर्गात मुसलमान आणि ख्रिस्ती मुलंही असतात, म्हणून परीक्षेआधीचं आमचं गाऱ्हाणं देवाला नाही, बॉलपेनाला असतं:

‘बा बॉलपेना म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’
‘आज ही पोरां तुज्या पायाकडे इली हत, म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’
‘कोणाची वळ चुकात, कोणाचो गोल अर्धो रवात, तर वायच दम धरूक लाव, म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’

हे आदल्या दिवशी. परीक्षेच्या सकाळी काहीच करत नाही. दोन पेनं, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली, पोटात भाकरी.

साहेब आले तर?

एकदा विस्तार अधिकारी आले तेव्हा मी हाफपँटमध्ये शेवटच्या बाकावर होतो, एक चौथीतला मुलगा तिसरीला पाढे विचारत होता. साहेब दारात थांबले. मुलाने त्यांनाही सतराचा पाढा विचारला. शेरेबुकात त्याबद्दल काही आलं नाही, सतरा साते किती हेही आलं नाही.

शासनाच्या सर्वेक्षणासाठीही करावं का?

४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. त्याचा मुलाला ना गुण ना पैसा. ती परीक्षा व्यवस्थेची आहे, मुलाची नाही. तिथे सोंग आणून मुलांना तापवणं मला पटत नाही. मोठ्यांच्या खुर्चीची भीती मुलांच्या पेपरात उतरली की काय होतं ते अटलांटा शहरात दिसलं. तिथे शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून दुरुस्त केली, आणि २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले.

रील टाकू का?

तुमची एकट्याची टाका. मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नको. कॅमेरा आला की गुरुजी मुलांकडे बघायचं सोडून मोबाईलकडे बघून सोंग करतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्यात मीही आलो.

मी लाजाळू आहे. मला हे जमणार नाही.

मग करू नका. ओढूनताणून केलेलं सोंग मुलं लगेच ओळखतात. माझ्या सहकारी बाई काहीच सोंग करत नाहीत. रोज एक मुद्दाम चुकलेलं उदाहरण फळ्यावर लिहितात आणि पाठ करून उभ्या राहतात. त्यांची मुलं माझ्या मुलांपेक्षा गणितात पुढे असतात. हे मी दोन-तीन वर्षं मान्य करत नव्हतो.

आणि मिशी?

आहे. ती मुलगी आता बारावीला आहे. एसटी स्टँडवर भेटली की आधी मिशीकडे बघते, मग नमस्कार करते.